भिंत सार्वजनिक, मग कविता कुणाची?

दरवर्षी २७ फेब्रुवारी जवळ आला की सरकारी कचेऱ्यांना मराठीची आठवण होते. कुसुमाग्रजांचा जन्मदिवस म्हणजे मराठी भाषा गौरव दिन. त्या दिवशी कार्यालयांच्या दारात, महाविद्यालयांच्या व्हरांड्यात, ग्रंथालयांच्या भिंतीवर कवितांचे फलक लागतात. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिल्यावर तर या उत्साहाला आणखी निमित्त मिळाले. कविता पुस्तकातून बाहेर येऊन रस्त्यावर उभी राहावी, येणाऱ्या-जाणाऱ्याने ती वाचावी, ही गोष्ट चांगलीच आहे. आमचा तिला विरोध नाही.

आमचा प्रश्न वेगळा आहे. हे फलक एकदा ओळीने पाहावेत आणि नावे मोजावीत. त्या नावांत गावकुसाबाहेरचे किती? स्त्रिया किती? भटक्या-विमुक्तांचे, आदिवासींचे, मुसलमान शाहिरांचे नाव कुठे आहे काय? भिंत सरकारी, म्हणजे सर्वांच्या पैशाची. मग तिच्यावरची कविता मूठभरांचीच का? आणि दुसरा प्रश्न त्याहून अवघड आहे. जी भिंत आपल्या ताब्यात आहे, आपल्या वस्तीची, आपल्या विहाराची, आपल्या मंडळाची, तिच्यावर आज काय लागलेले आहे?

'सार्वजनिक' या शब्दाची किंमत

'सार्वजनिक ठिकाण' हा शब्द इतरांना फुकट मिळाला असेल. आपल्या समाजाला तो मिळालेला नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, कचेऱ्या, न्यायालये, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत असा तो ठराव. महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले; पाण्याला हात लावण्याची मात्र कुणाची हिंमत नव्हती. त्यासाठी २० मार्च १९२७ उजाडावा लागला. बाबासाहेबांच्या मागोमाग हजारो माणसांनी ओंजळीने पाणी घेतले, त्याबद्दल डोकी फोडून घेतली, आणि मग सनातन्यांनी गोमूत्र-शेण टाकून तळे 'शुद्ध' केले. मुंबई उच्च न्यायालयाचा अखेरचा निकाल लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. एक तळे 'सार्वजनिक' आहे हे सिद्ध करायला ठरावापासून निकालापर्यंत चौदा वर्षे गेली!

म्हणूनच संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते अशी यादीच दिलेली आहे. नुसते 'समता' म्हणून भागत नाही, जागेचे नाव घ्यावे लागते, हे या देशातल्या अनुभवाने शिकवले होते. जो नियम पाणवठ्याला तोच भिंतीला लावला पाहिजे. सार्वजनिक भिंत म्हणजे आजचा पाणवठा आहे. तिच्यावर कुणाचे शब्द लागतात आणि कुणाचे लागत नाहीत, यावरून गाव कुणाचे आहे ते कळते.

आपल्या कवितेचे आणि भिंतीचे नाते तर फार जुने आहे. चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाच्या बांधकामावर वेठीला राबत असताना कूस कोसळले आणि त्याखाली गाडले गेले, असे परंपरा सांगते. ते साल १३३८. ज्याचे अभंग आज महाराष्ट्र गातो, तो कवी जिवंतपणी देवळाच्या भिंतीबाहेर उभा होता आणि मेला तो गावाच्या भिंतीखाली. पुढे सहाशे वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, १९७३ साली, वामन निंबाळकरांनी आपल्या संग्रहाला नाव दिले 'गावकुसाबाहेरील कविता'. ती भिंत तोवर हललेली नव्हती, हेच त्या नावाने सांगितले.

बाबासाहेबांनी कविता कुठे लावली?

काही कार्यकर्ते म्हणतील, पोट भरायचे वांधे असताना कवितेचे पोस्टर कसले चिकटवता? त्यांनी बाबासाहेबांची वृत्तपत्रे काढून पाहावीत. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले. त्याच्या शिरोभागी तुकोबांचा अभंग होता. ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' सुरू झाले. त्याच्या शिरोभागी ज्ञानेश्वरीतल्या ओव्या होत्या. अर्थशास्त्र आणि कायदा कोळून प्यालेला माणूस, ज्याच्यापुढे महारवतनापासून मताधिकारापर्यंत शंभर प्रश्न उभे होते, त्याने पहिली जागा कवितेला दिली. अंक उघडण्याआधी वाचकाच्या डोळ्यांत ती कविता शिरली पाहिजे, हा त्यामागचा हिशेब होता. कवितेचे पोस्टर म्हणजे दुसरे काय असते?

त्याच 'मूकनायक'ची जाहिरात पैसे घेऊनसुद्धा छापायला 'केसरी'ने नकार दिला होता, हे चळवळीतले शेंबडे पोरही जाणते. त्या नकारातून धडा काय घ्यायचा? एक, प्रस्थापितांची जागा पैसे टाकूनही मिळेल याची खात्री नाही. दोन, म्हणून आपली जागा आपण तयार करायची. आणि तीन, जी जागा सरकारी आहे, म्हणजे कररूपाने आपलीही आहे, तिच्यावरचा हक्क सोडायचा नाही. हे तिन्ही मार्ग जगात कवितेसाठी लोकांनी वापरलेले आहेत. ते समजून घेण्यासारखे आहेत.

लंडनचे डबे, तमिळनाडूच्या बसगाड्या

लंडनच्या भुयारी रेल्वेत जानेवारी १९८६ पासून कविता लागतात. ज्युडिथ चेर्नाइक नावाच्या लेखिकेने, सिसली हर्बर्ट आणि जेरार्ड बेन्सन या दोन कवींना सोबत घेऊन ही कल्पना मांडली. डब्यात खिडक्यांच्या वर जाहिरातींच्या पट्ट्या असतात. साबणाची, विम्याची जाहिरात जिथे लागायची तिथेच कविता लावायची, इतकी साधी योजना. भुयारात बाहेर बघायला काही नसते. माणूस समोरची पट्टी वाचतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचतो, आणि महिनाभरात ती कविता त्याची होते. चार दशके हा उपक्रम टिकला आणि जगातल्या अनेक शहरांनी तो उचलला. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत १९९२ पासून कविता लागू लागल्या. २००८ मध्ये तो उपक्रम बंद पडला आणि २०१२ मध्ये पुन्हा सुरू झाला.

आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. लंडनमध्ये पहिल्या खेपेला पाच कविता लागल्या. त्यांत शेली होता, बर्न्स होता, अमेरिकेचा विल्यम कार्लोस विल्यम्स होता, आयर्लंडचा शेमस हीनी होता. आणि पाचवी होती ग्रेस निकोल्स. गयानात जन्मलेली, १९७७ साली इंग्लंडला आलेली काळी स्त्री. त्याआधी जेमतेम तीन-चार महिने, १९८५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, त्याच लंडनच्या ब्रिक्स्टन आणि टॉटनहॅम भागांत पोलिसी कारवाईत काळ्या स्त्रियांचा बळी गेल्यावरून, जायबंदी झाल्यावरून दंगली पेटल्या होत्या. कवितेची एक पट्टी लावल्याने इंग्लंडातला वर्णद्वेष संपला, असे कुणी समजू नये. तो आजही आहे. पण त्या डब्यातून कामावर जाणाऱ्या काळ्या सफाई कामगार बाईने मान वर केली तेव्हा तिच्यासारख्याच एका बाईचे नाव शेलीच्या रांगेत होते. वेगळ्या कप्प्यात नव्हते, 'राखीव' डब्यात नव्हते. निवड करणाऱ्यांनी हे पहिल्याच दिवशी केले, चाळीस वर्षांनी मागणी आल्यावर नव्हे. आपल्याकडे २७ फेब्रुवारीच्या फलकांची यादी करणारे साहेब हे ध्यानात घेतील काय?

इतक्या दूर जायचेही कारण नाही. तमिळनाडूत सरकारी बसगाडीत चढा. चालकाच्या आसपास तिरुक्कुरळची एक द्विपदी लिहिलेली दिसते. द्रविड चळवळ १९६७ साली सत्तेवर आली आणि तिने भाषेला, कवितेला सार्वजनिक जागेत मान दिला. ज्याची जात परंपरा विणकराची सांगते, ज्याला पारयारही आपला मानतात, त्या वल्लुवराचा १३३ फुटी पुतळा १ जानेवारी २००० रोजी कन्याकुमारीच्या समुद्रात उभा राहिला. १३३ च का? तर कुरळचे अध्याय १३३ आहेत म्हणून. तिथे शेतमजूर बसने बाजाराला जातो तोही रोज एक द्विपदी वाचतो. 'कोण वल्लुवर?' असे विचारण्याची तिथल्या अधिकाऱ्याची छाती नाही.

आणि आपल्या महाराष्ट्रात? 'गोलपिठा'चा कवी, दलित पँथरचा संस्थापक, १९९९ साली पद्मश्री आणि २००४ साली साहित्य अकादमीचा जीवनगौरव मिळालेला नामदेव ढसाळ. त्यांच्या कविता असलेल्या 'चल हल्ला बोल' या चित्रपटाच्या वेळी सेन्सॉर मंडळाच्या कचेरीत 'कोण ढसाळ?' असे विचारले गेल्याची बातमी २०२५ च्या फेब्रुवारीत आली. निषेध झाले, पत्रके निघाली, ते योग्यच झाले. पण आम्ही म्हणतो, त्या अधिकाऱ्याला दोष देऊन थांबू नका. तो रोज ज्या रेल्वेने, ज्या रस्त्याने कचेरीत जात असेल, त्या वाटेवर ढसाळांचे नाव त्याला एकदा तरी दिसले असते काय? ज्या शहराच्या पोटातून ती कविता आली त्या शहराच्या एका बसथांब्यावर, एका रेल्वेस्थानकावर ती नसेल, तर अज्ञान त्या एकट्याचे नाही. ते व्यवस्थेने जोपासलेले अज्ञान आहे.

सरकार देत नसेल तेव्हा

तिसरा मार्ग डेट्रॉइटचा. १५ सप्टेंबर १९६३ रोजी अमेरिकेत बर्मिंगहॅम येथे काळ्यांच्या चर्चमध्ये वंशवाद्यांनी बॉम्ब उडवला आणि चार मुली ठार झाल्या. डडली रँडल नावाच्या ग्रंथपालाने त्यावर कविता लिहिली. १९६५ साली त्यानेच ती एका सुट्या कागदावर छापून काढली. पुस्तक नव्हे, मासिक नव्हे, एका कागदावर एक कविता. भिंतीवर लावा, दारावर लावा, खिशात ठेवा. त्यातून 'ब्रॉडसाइड प्रेस' उभी राहिली आणि काळ्या कवींची एक पिढी त्या सुट्या पानांवरून घराघरांत पोहोचली. त्याने कुणाची परवानगी मागितली नाही, अनुदानाची वाट पाहिली नाही.

या गोष्टीशी आपले नाते उसने नाही. डॉ. म. ना. वानखडे अमेरिकेतून शिकून आले, त्यांनी औरंगाबादला काळ्यांच्या साहित्याची चर्चा घडवली. मिलिंदच्या परिसरातून आणि गंगाधर पानतावणे यांच्या 'अस्मितादर्श'मधून ती महाराष्ट्रभर गेली. २९ मे १९७२ रोजी मुंबईत ढसाळ, ज. वि. पवार आदी तरुणांनी संघटना उभारली तेव्हा तिचे नावही अमेरिकेच्या ब्लॅक पँथरवरून घेतले. आणि हे लक्षात घ्या, ती संघटना उभारणारे बहुतेक जण कवी-लेखक होते! पत्रक, घोषणा, कविता यांत त्यांनी कधी भिंत घातली नाही.

त्याही मागे जाऊ. महात्मा फुल्यांनी १८६९ साली शिवरायांचा पोवाडा लिहिला तो कुळवाड्यांना ऐकवण्यासाठी. सत्यशोधकांचे जलसे, नंतर भीमराव कर्डकांचा आंबेडकरी जलसा, अण्णाभाऊ, पुढे वामनदादा. ही सारी परंपरा कानाची होती, कारण आपल्या माणसाला अक्षर येत नव्हते. अक्षर बंद केले होते, म्हणून कविता गळ्यातून गेली. वामनदादांनी खेडोपाडी फिरून जे केले ते शंभर छापखान्यांना जमले नसते.

आता आपला समाज वाचू लागला. झोपडीत ज्याची आजी अंगठा उठवत होती तो मुलगा आज स्पर्धा परीक्षेचा ठोकळा वाचतो. प्रश्न असा आहे, की या वाचणाऱ्या डोळ्यांसमोर चळवळीने भिंतीवर काय ठेवले?

फ्लेक्सचे राज्य

कोणत्याही वस्तीच्या कमानीपाशी जा. वीस फुटांचा फ्लेक्स. वर कोपऱ्यात तथागत, बाबासाहेब, फुले, शाहू. प्रत्येकाचा फोटो तळहाताएवढा. मधोमध भाऊ, दादा किंवा साहेब. त्यांचा फोटो पुरुषभर उंचीचा. खाली तीन ओळींत पासपोर्ट आकाराचे पन्नास चेहरे आणि त्याखाली 'शुभेच्छुक'. जयंती बाबासाहेबांची आणि दर्शन भाऊंचे! त्या फ्लेक्सवर वाचण्यासारखे वाक्य एकही नाही. शेजारच्या गल्लीत दुसऱ्या गटाचा फ्लेक्स, त्यावर दुसरे भाऊ, तोही तितकाच कोरा. मजकूर नाही, विचार नाही, नुसती तोंडे. ज्या समाजाने अक्षरासाठी मार खाल्ला त्या समाजाच्या वेशीवर आज वाचायला काही नाही, यासारखी शोकांतिका नाही.

बाहेर याहून मोठे राक्षस उभे आहेत. १३ मे २०२४ रोजी वादळी वाऱ्यात घाटकोपरच्या छेडानगरला पेट्रोल पंपावर महाकाय होर्डिंग कोसळले आणि १७ माणसे मेली. तिथून जवळच माता रमाबाई आंबेडकर नगर आहे, जिथे ११ जुलै १९९७ रोजी पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध करणाऱ्यांवर गोळीबार होऊन दहा जण गेले. ज्या शहरात जाहिरातीच्या लोखंडी सांगाड्याला नियम मोडून जागा मिळते, त्या शहरात कवितेच्या दोन फुटी कागदाला जागा नाही असे कुणी सांगू लागले, तर ते मानायचे कसे?

कायदा काय म्हणतो तेही पाहू. महाराष्ट्रात मालमत्तेचे विद्रूपीकरण रोखणारा १९९५ चा कायदा आहे. परवानगीवाचून सार्वजनिक जागी काही चिकटवले तर दंड आहे, तुरुंगवासही आहे. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये बेकायदा होर्डिंग-फलकांविरुद्ध सविस्तर निकाल दिला, महापालिकांना, नगरपालिकांना तंबी दिली. तरी पुढाऱ्यांचे फ्लेक्स कुठे कमी झाले? निकाल भाऊंना लागू होत नाही. तो लागू होतो तो चिकटवायला गेलेल्या विद्यार्थ्याला. म्हणून आमचा कार्यकर्त्यांना स्पष्ट सल्ला आहे : रात्री लपून चिकटवू नका. परवानगीचा अर्ज द्या, पोच घ्या, नकार आला तर तो लेखी मागा. लेखी नकार हाही एक दस्तऐवज असतो. कुणाच्या फ्लेक्सला परवानगी आणि कुणाच्या कवितेला नकार, हे मग लोकांसमोर मांडता येते.

शब्दाची भीती

कवितेला कोण घाबरतो, असे कुणाला वाटेल. २०१५ च्या मे महिन्यात शिर्डीत एका तरुणाच्या मोबाईलवर भीमगीताची रिंगटोन वाजली. त्यावरून वाद घालून त्याला उचलून नेले आणि ठार मारले. गाणे त्याच्या खिशातल्या फोनमधले होते. पण जागा सार्वजनिक होती. घरात वाजले असते तर चालले असते. दुकानात, चौकात, चार लोकांत वाजले हा 'गुन्हा' झाला. चवदार तळ्यावर जे घडले तेच अठ्ठ्याऐंशी वर्षांनी एका गाण्यावरून घडले. मनुवादी मनाला आपल्या कवितेची अडचण नाही. तिने चौकात येऊ नये एवढीच त्याची अट आहे. म्हणूनच ती चौकात आली पाहिजे, आणि एकट्यादुकट्याच्या खिशातून नव्हे तर समाजाच्या बळावर, कायद्याच्या आधाराने आली पाहिजे.

कायद्याचा आधार आहे. २८ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासदार इम्रान प्रतापगढी यांच्याविरुद्ध एका कवितेवरून गुजरातेत नोंदलेला गुन्हा रद्द केला. कवितेचा अर्थ समजून न घेता गुन्हा नोंदवणाऱ्या पोलिसांना संविधानाची आठवण करून दिली. निकाल देणाऱ्या खंडपीठात न्यायमूर्ती अभय ओक होते. २०१७ साली होर्डिंगविरुद्ध निकाल देणारे तेच. यात विसंगती नाही. पुढाऱ्याचे बेकायदा तोंड उतरवा आणि कवीचा शब्द राखा, हाच दोन्ही निकालांचा मिळून अर्थ आम्ही घेतो. त्यानंतर काही दिवसांतच, १५ एप्रिल २०२५ रोजी, अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपालिकेच्या पाटीवर मराठीखाली उर्दू असण्याला घेतलेली हरकत त्याच न्यायालयाने फेटाळली. भाषा म्हणजे धर्म नव्हे, असे बजावले. सरकारी पाटीवर कुणाची अक्षरे असावीत हा प्रश्न क्षुल्लक असता तर तो एका गावातून दिल्लीपर्यंत गेला नसता.

काय करता येईल?

टीका पुष्कळ झाली. आता कामाचे बोलू.

पहिली मागणी सरकारकडे. एसटीची स्थानके, शासकीय वसतिगृहे, जिल्हा रुग्णालये, तहसील कचेऱ्या येथे लोक तासन् तास बसून असतात. तिथे कवितांचे कायम फलक लावा, वर्षातून एक दिवस नव्हे. निवड समितीत बहुजन, स्त्रिया, आदिवासी, भटके-विमुक्त कवी असलेच पाहिजेत. आणि फलकावर सरस्वतीचे चित्र कशाला? जानेवारी २०२१ मध्ये यशवंत मनोहरांनी मंचावरील सरस्वतीच्या प्रतिमेवरून विदर्भ साहित्य संघाचा पुरस्कार नाकारला, तेव्हा अनेकांना ते आततायी वाटले. पण अक्षर सावित्रीमाईने दिले असे मानणाऱ्या समाजाने तिचे चित्र का मागू नये? सावित्रीबाईंचा 'काव्यफुले' हा संग्रह १८५४ साली निघाला. ज्यांना आधुनिक मराठी कवितेचे जनक म्हणतात ते केशवसुत जन्मले १८६६ साली. जनक जन्मायच्या बारा वर्षे आधी माईंचे पुस्तक छापून झाले होते! ही गोष्ट मराठीच्या प्रत्येक फलकावर पहिल्या ओळीत असायला हवी.

दुसरे काम आपले. सरकारच्या तोंडाकडे बघत न बसता प्रत्येक विहारात, प्रत्येक वस्तीत एक फळा लावा. खडूने लिहायचा साधा काळा फळा. मुंबईच्या चाळीतले वार्ताफलक आठवा. गिरणी कामगाराला जगाची बातमी त्या फळ्याने दिली. आठवड्याला एक कविता, खाली कवीचे नाव, संग्रहाचे नाव, साल. लिहिण्याचे काम शाळेतल्या मुलामुलींकडे द्या. ज्याने लिहिली त्याला ती पाठ होते. फ्लेक्सचे प्लास्टिक वर्षानुवर्षे कुजत नाही. खडूची कविता आठवड्याने पुसली तरी डोक्यात राहते.

तिसरे, ६ डिसेंबर. चैत्यभूमीवर लाखो माणसे तासन् तास रांगेत उभी असतात. आजूबाजूला बांबू आणि पत्रे ठोकलेले असतात. त्या पत्र्यांवर रांगेच्या सुरुवातीपासून टोकापर्यंत कविता लावा. लंडनच्या प्रवाशाला दहा मिनिटे मिळतात, आपल्या माणसाला पाच-सहा तास मिळतात! शिवाजी पार्कवर लोक पोटाला चिमटा घेऊन पुस्तके विकत घेतात. त्यांना रांगेतच कवी भेटला तर पुढच्या स्टॉलवर ते त्याचे पुस्तक मागतील. दीक्षाभूमीला, भीमा कोरेगावला हेच करता येईल. अक्षर मोठे, कविता लहान, कवीचे नाव ठळक. लावणाऱ्या मंडळाचे नाव असलेच तर तळाशी, बारीक.

चौथे, कवीचा हक्क. कविता उचलली आणि नावच गाळले, हा प्रकार भीमगीतांच्या बाबतीत किती झाला ते शाहिरांच्या घरच्यांना विचारा. आपल्या कायद्याने कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क त्याच्या वारसांकडे राहतो. चोखोबा, तुकोबा, जोतीराव, सावित्रीमाई सर्वांसाठी खुले आहेत. अण्णाभाऊ १९६९ साली गेले, त्यांचे लेखन २०३० पासून खुले होईल. वामनदादा २००४ साली, ढसाळ २०१४ साली गेले. त्यांच्या वारसांना विचारलेच पाहिजे. हयात कवीला पत्र लिहा, मानधन द्या. फ्लेक्सवाल्याला रोख मोजता आणि कवीला नुसते 'जयभीम' घालता, हे चालणार नाही.

पाचवे, निवड. फक्त बाबासाहेबांच्या गौरवाच्या कविता लावून भागणार नाही. पाण्यावरची लावा, मजुरीवरची लावा, नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईची लावा, आपल्याच घरातल्या पुरुषाला जाब विचारणारी लावा. हिरा बनसोडे, ज्योती लांजेवार, प्रज्ञा दया पवार यांची कविता वस्तीच्या भिंतीवर आली तर काही घरांत चुळबूळ होईल. ती व्हायलाच हवी. नारायण सुर्वे लावा, शाहीर अमर शेख लावा. गोंडीतली, भिलीतली कविता तिच्याच भाषेत लावा, खाली मराठी अर्थ द्या. आपल्या भिंतीवर इतरांना जागा दिली, तरच त्यांच्या भिंतीवर जागा मागण्याचा नैतिक अधिकार आपल्याला येईल.

सातारा जिल्ह्यातल्या भिलार गावाला शासनाने ४ मे २०१७ रोजी 'पुस्तकांचे गाव' केले. घराघरांत पुस्तके ठेवली, पर्यटक येतात, वाचतात. चांगले झाले. पण ज्या वस्तीत पर्यटक येत नाहीत तिचे काय? तिथे सरकार येईल तेव्हा येईल. खडू आणि फळा आज मिळतो.

पँथरच्या पोरांकडे फ्लेक्सचे यंत्र नव्हते, प्रायोजक नव्हते. शब्द होते, म्हणून सरकार हादरले. आज यंत्र आहे, पैसा आहे, चेहरे तर उदंड आहेत. येत्या १४ एप्रिलला प्रत्येक मंडळाने एकच ठराव करावा : एक फ्लेक्स कमी आणि त्या पैशात दहा कविता. वेशीवर भाऊंचा फोटो नसला तर जयंती अडत नाही. भाऊंनीही त्या दिवशी कमानीखाली उभे राहून त्या दहा कविता वाचाव्यात. समाजही वाचील, आणि समाजाला हिणवत जाणारा वाटसरूही, इच्छा असो वा नसो, वाचीलच!